लिबरऑफिसला हातभार लावायचाय: कोडपासून सुरुवात करू की मदत-पानांपासून?

उंबरठा | सोमवार, रात्री १०:१२

मंडळी, बरेच दिवस मनात घोळतंय ते विचारून टाकतो.

आमच्या वाचनालयाचं सगळं काम लिबरऑफिस या मोफत, खुल्या ऑफिस-संचावर चालतं. सभासदांच्या याद्या कॅल्कमध्ये, त्रैमासिक रायटरमध्ये. इतकी वर्षं आयतं वापरतोय, तर आता आपणही काहीतरी करावं असं वाटतंय. पोटापाण्यासाठी मी जावा लिहितो. सी प्लस प्लस कॉलेजात केलं होतं, त्यानंतर त्याचा-माझा संबंध नाही.

शनिवारी प्रकल्पाची पानं चाळत बसलो तर डोकं गरगरलं. गेरिट (कोड तपासायला), जेन्किन्स (कोड बांधून बघायला), बगझिला (बगच्या तक्रारींना), वेबलेट (भाषांतराला), आयआरसी (गप्पांना). प्रत्येक ठिकाणी वेगळं खातं आणि वेगळी रीत. ऑफिसात आम्ही पुल रिक्वेस्ट (बदल आत घ्यायची विनंती) टाकतो, कोणीतरी अंगठा दाखवतो, संपलं. एक मित्र म्हणतो थेट कोडला भिड, बाकी सगळं दुय्यम. दुसरा म्हणतो आधी डॉक्युमेंटेशन कर, ते सोपं असतं. मला दोघांचंही पटत नाहीये. शिवाय आमच्या नेमणूकपत्रात 'नोकरीत असताना तुम्ही जे काही लिहाल ते कंपनीचं' अशा अर्थाचं कलम आहे, त्याचं काय करायचं?

ज्यांनी प्रत्यक्ष केलंय त्यांनी सांगा. 'गूगल करून बघा' म्हणणाऱ्यांना आगाऊ धन्यवाद.

चकमक | सोमवार, रात्री १०:३१

वाचनखूण साठवली आहे. मीही याच रांगेत उभा.

खडूफळा | सोमवार, रात्री ११:४८

मी तिथे अधूनमधून पॅच (कोडमधले छोटे बदल) टाकतो, बहुतेक कॅल्कमधले आणि किरकोळ. जमेल तसं लिहितो.

तो कोड कुठून आला हे आधी डोक्यात ठेवा, म्हणजे पुढे बऱ्याच गोष्टींचं नवल वाटणार नाही. १९८५ मध्ये मार्को ब्योरिस नावाच्या जर्मन पोराने स्टारडिव्हिजन ही कंपनी काढली, स्टारऑफिस तिचं. १९९९ मध्ये ती सनने विकत घेतली आणि २००० मध्ये ओपनऑफिस.ऑर्ग या नावाने कोड खुला केला. २०१० च्या सुरुवातीला सनच ओरॅकलच्या पोटात गेली, आणि त्याच वर्षी २८ सप्टेंबरला बऱ्याच मंडळींनी वेगळी चूल मांडली, ते लिबरऑफिस. म्हणून आजही रायटरचं फोल्डर 'एसडब्ल्यू', कॅल्कचं 'एससी' आणि इम्प्रेस-ड्रॉचं 'एसडी'. तो 'एस' स्टारचा. कोडमधल्या टिप्पण्यासुद्धा ढिगाने जर्मन होत्या. त्या इंग्रजीत आणण्याचं काम टीडीएफ#३९४६८ या बगखाली कित्येक वर्षं चाललं. जर्मन येणाऱ्या अनेक नवख्यांनी कोडच्या एकाही ओळीला धक्का न लावता त्या निमित्ताने कोड वाचून काढला. आता ते काम कोड की डॉक्युमेंटेशन, हे तुमच्या दोन्ही मित्रांना विचारा.

बिल्ड, म्हणजे कोडमधून चालता प्रोग्राम बांधणं: लिनक्स असेल तर उत्तम. डेबियन-उबंटूवर 'बिल्ड-डेप'ने लागणारी पॅकेजं एका फटक्यात येतात, मग ऑटोजेन, मग मेक. पहिला बिल्ड साध्या लॅपटॉपवर काही तास खातो, रात्री लावून झोपा. सी-कॅश (आधी बांधलेलं जपून ठेवणारं साधन) चालू ठेवलीत तर पुढचे बरेच लवकर होतात. डिस्कवर भरपूर जागा मोकळी लागते. विंडोजवरही होतं, पण आधी व्हिज्युअल स्टुडिओ आणि बाकीचे सोपस्कार. पर्याय असेल तर टाळा.

काम निवडायला बगझिलात 'ईझी हॅक' शोधा. प्रत्येकावर अवघडपणाचा आणि लागणाऱ्या भाषेचा शिक्का असतो, जावाचासुद्धा आहे. पण पोटात सगळं सी प्लस प्लसच, तेव्हा फार काळ जावावर निभणार नाही.

आता गेरिट. गिटहबवर जे दिसतं ती नुसती प्रत आहे, पॅच तिथे घेत नाहीत. पुल रिक्वेस्टची सवय असलेला माणूस गेरिटवर हटकून अडखळतो. पुल रिक्वेस्टमध्ये तपासणारा काही बोलला की आपण आणखी एक कमिट (बदलाची नोंद) वर चढवतो. गेरिटमध्ये एक बदल म्हणजे एकच कमिट. कमिटच्या संदेशात तळाला 'चेंज-आयडी' अशी ओळ आपोआप येते. ती तशीच ठेवून तीच कमिट अमेंड (दुरुस्त) करायची आणि पुन्हा धाडायची, म्हणजे गेरिट तिला त्याच बदलाचा पुढचा पॅचसेट समजतो. नवी कमिट केलीत की नवा चेंज-आयडी, नवा बदल, आणि जुन्यावरची सगळी चर्चा मागे राहते. कोडच्या भांडारातच (रिपॉझिटरीत) 'लॉगेरिट' नावाची स्क्रिप्ट आहे, ती पहिल्यांदा सेटअपला वापरा, बरंचसं तीच करून देते.

पॅच चढला की जेन्किन्स तो लिनक्स, विंडोज, मॅकवर बांधून बघतो आणि सगळं हिरवं असेल तर 'व्हेरिफाइड +१' देतो. माणसाचा 'कोड-रिव्ह्यू +२' निराळा. दोन्ही जमलं की पॅच आत.

हे सगळं यंत्राचं झालं, दोन संध्याकाळी घातल्या की हाताला बसतं. लोक गळतात ते रिव्ह्यूत. मागे एक पॅच पाहिला होता: दुरुस्ती चार-पाच ओळींची, पण जाता जाता त्या फंक्शनमधली सगळी इंडेंटेशन 'नीट' केलेली. तपासणाऱ्याने दोन वाक्यं लिहिली. दुरुस्ती आणि सजावट वेगळ्या पॅचमध्ये करा. आणि चाचणी कुठे आहे? पाठवणारा मुलगा जो रुसला तो परत आलाच नाही. पॅच तसाच पडून राहिला, शेवटी कोणीतरी 'अबँडन' केला. आता बघा, मागणी रास्त होती. पुढेमागे त्या दुरुस्तीनेच दुसरं काही मोडलं तर ती एकटी उलटवता आली पाहिजे. ती ओळ अशी का आहे हे 'गिट ब्लेम' (ओळ कोणत्या बदलाने आली ते दाखवणारा आदेश) करून शोधणाऱ्याला 'इंडेंट नीट केलं' हे उत्तर मिळालं तर तो तुम्हाला शिव्याच घालेल. मी आता नवख्याचा पॅच चालेल की नाही ते पहिल्या पॅचसेटवरून ठरवतच नाही. दुसरा आला का, एवढंच बघतो.

परवान्याचं: पहिल्या पॅचच्या सुमारास डेव्हलपरांच्या मेलिंग लिस्टवर एक मेल टाकायचा असतो. माझं आजवरचं आणि यापुढचं योगदान एमपीएलव्ही२ आणि एलजीपीएलव्ही३+ या दुहेरी परवान्याखाली वापरायला हरकत नाही, एवढाच मजकूर. विकीवर डेव्हलपरांची यादी आहे, तिथे तुमच्या नावापुढे त्या मेलचा दुवा लागतो.

वक्रतुंड | मंगळवार, सकाळी ८:०५

छान. म्हणजे शनिवार-रविवार आपण घालवायचे, रात्रभर लॅपटॉप तापवायचा, आणि सपोर्टची कंत्राटं कोलाबोरासारख्या कंपन्यांनी घ्यायची. शिवाय वर 'चाचणी कुठे आहे' म्हणून हजेरी. ऑफिसात निदान पगार तरी मिळतो.

पाटीपेन्सिल | मंगळवार, दुपारी १:२०

'डॉक्युमेंटेशन सोपं असतं' म्हणणाऱ्या त्या मित्राला एकदा माझ्याकडे पाठवा.

उंबरठा, लिबरऑफिसमध्ये डॉक्युमेंटेशन म्हणजे एकच काम नव्हे. एफ१ दाबल्यावर उघडते ती मदत एक. रायटर गाइड, कॅल्क गाइड ही पुस्तकं दुसरं. आणि या सगळ्याचं, शिवाय मेनूंचं, भाषांतर तिसरं. तिन्हींची हत्यारं वेगळी, माणसंही बऱ्यापैकी वेगळी.

मदतीची पानं एक्सएचपी नावाच्या एक्सएमएल प्रकारात असतात, स्वतंत्र भांडारात, आणि कोडसारखीच गेरिटवरून जातात. म्हणजे खडूफळा यांनी लिहिलेलं चेंज-आयडीचं पुराण इथेही चुकत नाही. ब्राउझरमध्ये चालणारा एक संपादक आहे, त्यात टॅग एका बाजूला आणि पान कसं दिसेल ते दुसऱ्या बाजूला. पण टॅग ओळखावेच लागतात. पानात 'लिबरऑफिस' असं सरळ लिहायचं नाही, तिथे %प्रॉडक्टनेम हा चल घालायचा, कारण तोच कोड दुसऱ्या नावानेही बांधला जातो. 'टूल्स – ऑप्शन्स' असा रस्ता सांगितलात तर मॅकवर तो 'प्रेफरन्सेस'मधून जातो, म्हणून तिथे 'स्विचइनलाइन' करून दोन्ही लिहायचे. प्रत्येक परिच्छेदाला एक आयडी असतो. नव्या परिच्छेदाला नवा द्यायचा आणि जुन्याच्या वाटेला जायचं नाही, कारण भाषांतराचा दोर त्या आयडीला बांधलेला असतो.

आणि खरी गोम इथेच आहे. समजा इंग्रजी वाक्यातला एक स्वल्पविराम तुम्हाला खुपला आणि तुम्ही तो हलवला. इंग्रजी वाचणाऱ्याला फरक शून्य. पण ती ओळ वेबलेटवर प्रत्येक भाषेत पुन्हा तपासायला येते. कुठल्या तरी भाषेत हे सगळं एकटी बाई संध्याकाळी स्वयंपाक उरकून करत असते, तिच्या पुढ्यात अशा स्वल्पविरामांमुळे डझनभर ओळी येऊन पडतात. म्हणून मदतीच्या पॅचवर 'आधीच्या वाक्यात चूक काय होती?' असं कोणी विचारलं तर तो खवचटपणा समजू नका. वाक्य चुकीचं असेल तर बिनधास्त बदला, नुसतं बेंगरूळ असेल तर दहा वेळा विचार करा.

गाइडं ओडीटीत, म्हणजे रायटरमध्येच लिहितात. बदलांची नोंद चालू ठेवून एकजण प्रकरण लिहितो, दुसरा त्यावर हात फिरवतो. परवाना जीपीएलव्ही३+ किंवा सीसी-बाय ४.०. इथे गिट नाही, सी प्लस प्लस नाही. पण एक प्रकरण नव्या आवृत्तीला आणायचं म्हणजे त्यातली प्रत्येक कृती स्वतः करून बघायची. मेनूचं नाव तेच आहे का, चित्रातली चौकट तशीच दिसते का, आधी चौथ्या टॅबवर असलेली गोष्ट आता कुठे गेली. २०२४ पासून आवृत्तीचा क्रमांक वर्ष-महिन्याचा झालाय, २४.२ फेब्रुवारीची, २४.८ ऑगस्टची. वर्षाला दोन मोठ्या आवृत्त्या म्हटल्यावर गाइड कायमच धापा टाकत मागून येतं.

एक फायदा मात्र कोणी सांगत नाही. 'हे बटण दाबल्यावर निवडलेल्या ओळी लपतात' असं लिहायला बसावं आणि दाबून बघावं, तर त्या लपतच नाहीत. मी नोंदवलेले बरेचसे बग असे निघालेत. कोड लिहिणारा आपलं बटण ज्या क्रमाने दाबतो त्या क्रमाने जगात दुसरं कोणी दाबत नाही.

भाषांतरासाठी वेबलेटवर खातं काढायचं. एकच सांगते. ओळीत '%१' किंवा '$(' ने सुरू होणारं काही असेल तर ते आहे तसं ठेवा. तिथे चालू प्रोग्राम फाइलचं नाव किंवा आकडा भरतो. ते गाळलंत तर 'फाइल सापडली नाही' एवढंच उमटतं, कोणती ते कळत नाही. '~' आणि '_' या खुणा कळफलकाच्या शॉर्टकटसाठी असतात, त्याही उडवायच्या नाहीत.

शेवटचं_वर्ष | मंगळवार, दुपारी ३:०२

दादा-ताई, मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. आम्हाला सांगतात की ओपन सोर्स काँट्रिब्यूशन रिझ्युमेवर पाहिजेच, आणि जीएसओसी (गूगल समर ऑफ कोड) झालं तर प्लेसमेंट पक्की. पटकन होईल असं काही आहे का? रीडमीमधल्या (प्रकल्पाची ओळख देणाऱ्या फाइलमधल्या) टायपो वगैरे चालतात का? आणि कोड चॅटजीपीटीकडून लिहून घेतला तर कळतं का त्यांना?

वक्रतुंड | मंगळवार, दुपारी ३:१०

पॉपकॉर्न आणायला गेलो आहे.

खडूफळा | मंगळवार, रात्री ९:३७

@वक्रतुंड, आधी तुमचं. होय, तिथल्या कोडचा मोठा भाग पगारी लोक लिहितात. पूर्वी रेड हॅटचे बरेच होते, आता कोलाबोराचे आहेत, आणि डॉक्युमेंट फाउंडेशनचे स्वतःचे कर्मचारीही आहेत. त्याने आपलं काय बिघडतं? ओपनऑफिसच्या काळात कोड द्यायचा तर आधी करार करून सनला, नंतर ओरॅकलला, त्या कोडच्या मालकीत वाटा द्यावा लागायचा. म्हणजे उद्या कंपनीने तो बंद उत्पादनात घातला तरी तुम्ही हूं की चूं करू शकत नव्हता. लिबरऑफिसने ते पहिल्या दिवसापासून काढून टाकलं. तुमच्या ओळीवर हक्क तुमचाच, कंपनीलाही ती परवान्याच्या अटीनेच वापरावी लागते. फाउंडेशन २०१२ पासून बर्लिनमध्ये नोंदलेली आहे, तिलाही तुमची मालकी मिळत नाही.

आणि पगारी कामाला नाक का मुरडायचं? लोहित हे भारतीय लिप्यांचे फॉन्ट रेड हॅटने २००४ मध्ये खुले केले, पुढे पुण्यातल्या मंडळींनी नोकरीत राहूनच ते सांभाळले. लिनक्सवर मराठी धड दिसायला लागलं त्यात त्यांचा वाटा मोठा.

@शेवटचं_वर्ष, राग मानू नकोस, पण 'पटकन' हा शब्द आधी काढ. ऑक्टोबर २०२० मध्ये डिजिटलओशन कंपनीच्या हॅक्टोबरफेस्ट या उपक्रमात पुल रिक्वेस्ट मोजून मिळणारा टी-शर्ट मिळावा म्हणून लोकांनी जगभरच्या रीडमींत 'अमेझिंग प्रोजेक्ट' असले शब्द घुसवले. भांडारं सांभाळणाऱ्यांनी इतकी बोंब मारली की डिजिटलओशनला महिना सरायच्या आतच नियम फिरवावा लागला: ज्या प्रकल्पाने स्वतःहून होकार दिलाय तिथल्याच पुल रिक्वेस्ट मोजायच्या. २०२४ च्या सुरुवातीला एक्सप्रेस या वेब फ्रेमवर्कच्या रीडमीत आपापलं नाव टाकणाऱ्यांचा असाच लोंढा आला, आणि त्यात आपल्याकडची पोरं भरपूर होती. ट्यूटोरियलमध्ये सरांनी करून दाखवलं, पोरांनी खऱ्या भांडारावर तसंच केलं. ते बंद करत बसायला माणूस लागतो, आणि तो बऱ्याचदा फुकट काम करत असतो.

जीएसओसी २००५ पासून आहे आणि लिबरऑफिस त्यात बरीच वर्षं भाग घेत आलंय. अर्जाच्या आधी छोटे पॅच करून दाखवावे लागतात. ते छोटे पॅच म्हणजे हेच ईझी हॅक. जानेवारीत सुरुवात केलीस तर अर्जापर्यंत तुझं नाव तपासणाऱ्यांच्या ओळखीचं होतं. मार्चमध्ये येणाऱ्या पन्नास जणांत तू एक्कावन्नावा.

खुट्ट | बुधवार, सकाळी ७:१५

एआयबद्दल मी लिहितो, कारण बगझिलात रोजचा संबंध येतो.

कळतं. कोडवरून कळो न कळो, उत्तरावरून कळतं. 'ही अट इथे का टाकलीस?' असं विचारलं की ज्याने स्वतः विचार केलाय तो दोन ओळींत सांगतो, नाहीतर 'तुमच्या मौल्यवान अभिप्रायाबद्दल आभार' अशा सुरुवातीचं पानभर येतं. कर्ल या नेटवरून डेटा आणणाऱ्या साधनाचे डॅनियल स्टेनबर्ग २०२४ पासून यावर जाहीर वैतागून लिहितायत. सुरक्षेतलं भोक सापडलं म्हणून रुबाबदार तक्रार यायची, तास दोन तास खोदल्यावर कळायचं की त्यात म्हटलेलं कर्लमध्ये नाहीच. २०२४ मध्येच जेंटू या लिनक्स वितरणाने एआयच्या मदतीने केलेलं योगदान घ्यायचं नाही असं ठरवलं, पाठोपाठ नेटबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमनेही तसाच नियम केला. प्रत्येक प्रकल्पाचा नियम वेगळा, तो आधी वाचा. शिकायला वापरा, कोणी अडवत नाही. पण जो पॅच तुम्हाला फळ्यावर समजावून सांगता येत नाही तो पाठवू नका.

आता मूळ प्रश्नाकडे. कोड की मदत यावर वरती दोघांनी सविस्तर लिहिलंय, पण मधलं दार दोघांनीही उघडलं नाही: बग तपासणं. ज्याला सी प्लस प्लस आठवत नाही आणि लिबरऑफिस मात्र रोज वापरतो, त्याने इथूनच शिरावं असं माझं स्पष्ट मत आहे.

बगझिलात नवा बग 'अनकन्फर्म्ड' म्हणून पडतो. दुसऱ्या कोणीतरी आपल्या यंत्रावर तो करून बघितला आणि तसाच झाला, की 'न्यू' होतो. नाही झाला तर विचारायचं, कोणती आवृत्ती, कोणती फाइल, आणि 'नीडइन्फो' करायचं. एवढंच. पण हे करताना तुम्हाला चांगली तक्रार कशी असते ते कळतं, आणि तेच पुढे चांगल्या कमिट संदेशाचं मूळ.

त्याच्या पुढची पायरी बायबिसेक्ट. ही चीज मला फार आवडते. आधीच बांधून ठेवलेल्या शेकडो बिल्डांचं एक गिट भांडार असतं. जुन्या आवृत्तीत नीट चालायचं आणि नव्यात मोडलं, असा बग घ्यायचा. मधला बिल्ड चालवायचा, फाइल उघडायची, बरोबर असेल तर 'गुड', बिघडलं असेल तर 'बॅड'. प्रत्येक उत्तराला निम्मे बिल्ड बाद. हजार बिल्ड असले तरी दहाएक वेळा बघून नेमकी कोणत्या बदलाने वाट लावली ते सापडतं. कोड एक ओळ वाचावा लागत नाही, आणि डेव्हलपरच्या दृष्टीने याहून मोठी मदत नाही. 'हे मोडलंय' आणि 'हे अमुक कमिटने मोडलंय' यांत जमीन-अस्मानाचा फरक.

मराठी माणसाने करण्यासारखं एक सांगतो. उंबरठा, तुमच्या सभासदांत कोणी कऱ्हाडे, गोऱ्हे असतीलच. त्यातला अर्धा र दोन प्रकारे साठवला जातो. एक, ऱ (यू+०९३१), मग हलन्त, मग ह. दोन, साधा र, हलन्त, मग झेडडब्ल्यूजे हे न दिसणारं जोडचिन्ह, मग ह. पडद्यावर दोन्ही 'कऱ्हाडे' म्हणूनच उमटतात. युनिकोडच्या नॉर्मलायझेशनने (समान रूपं एकसारखी करण्याच्या नियमाने) ते एक होत नाहीत. एकाने एका कळफलकाने यादी केली आणि दुसऱ्याने दुसऱ्या कळफलकाने शोधलं तर नाव सापडेलच याची खात्री नाही. शब्दतपासणीतही तीच भानगड: कोशात एक रूप असलं की दुसरं लाल. हनस्पेल या शब्दतपासणीच्या साधनाच्या एएफएफ फाइलमध्ये 'आयकॉन्व्ह' नावाचा तक्ता देता येतो, त्यात 'हे आलं तर ते समज' असं लिहिता येतं. तेव्हा दोन्ही रूपांची एक छोटी फाइल बनवा, काय शोधल्यावर काय सापडतं आणि काय नाही ते आवृत्तीसकट नोंदवा. जर्मनीत बसलेल्या माणसाला हे सुचणारच नाही, त्याला ते दिसतही नाही.

फाइल जोडताना ती कशी बनवली तेही लिहा. चाचणीच्या फाइलींबद्दल हल्ली सगळेच जास्त खोदून विचारतात, आणि त्याला कारण आहे. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या फाइली आकुंचित करणाऱ्या लायब्ररीत जे मागचं दार (चोरून शिरायची वाट) सापडलं ते चाचणीच्या म्हणून ठेवलेल्या फाइलींतच दडवलेलं होतं. ठेवणारा दोनेक वर्षं गुणी मदतनीस म्हणून वावरला होता. आंद्रेस फ्रॉइंड यांना एसएसएच (दूरच्या संगणकात शिरायच्या) लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय अशी शंका आली म्हणून ते उघडकीस आलं.

वक्रतुंड | बुधवार, सकाळी ९:४०

मालकीचा मुद्दा मान्य, तो मला माहीत नव्हता. पगाराचा मुद्दा नाही. पण कऱ्हाडे प्रकरण आमच्या सोसायटीच्या यादीत अगदी असंच झालंय, आणि मी दोन वर्षं सेक्रेटरीला नावं ठेवत होतो. ती फाइल मी बनवतो. फुकट.

कलमदान | बुधवार, रात्री ८:५०

नेमणूकपत्राबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून.

'स्वतःचा लॅपटॉप, स्वतःचा वेळ, मग कंपनीचा काय संबंध' हे ऐकायला बरं वाटतं, पण कलमाची भाषा व्यापक असेल तर तेवढ्यावर विसंबू नका. परवान्याच्या मेलमध्ये तुम्ही 'हे द्यायचा मला हक्क आहे' असंच सांगत असता. लिनक्स कर्नलमध्ये प्रत्येक पॅचखाली 'साइन्ड-ऑफ-बाय' ओळ लागते तीही याचसाठी. लिनक्समध्ये आपला कोड घातल्याचा दावा करणाऱ्या एससीओ कंपनीच्या खटल्यानंतर २००४ मध्ये ती पद्धत सुरू झाली. म्हणून एचआरला एक साधा मेल करा: अमुक प्रकल्प, अमुक परवाना, कंपनीच्या धंद्याशी संबंध नाही, कार्यालयाबाहेरच्या वेळात करणार, हरकत नसल्याचं लेखी कळवा. 'तोंडी चालेल' म्हणाले तर त्यांनाच 'आपल्या बोलण्यानुसार' म्हणून मेल टाकून ठेवा. बऱ्याच कंपन्यांत आता यासाठी अर्जच असतो. माझ्या माहितीतल्या एकाला उत्तर यायला दोन महिने लागले, तेवढ्यात तो गाइड तपासत बसला.

अवांतर: कमिटमधलं नाव आणि मेल पत्ता गिटच्या इतिहासात कायमचा राहतो, आणि लिस्टवरचा मेलही जाहीर असतो. ऑफिसचा पत्ता तर अजिबात नको. वेगळा पत्ता काढा आणि सगळीकडे तोच वापरा.

शेवटचं_वर्ष | बुधवार, रात्री ११:२०

खुट्ट सर, बायबिसेक्टला जुना लॅपटॉप चालेल का? आठ जीबी रॅम आहे. बिल्ड करायला घेतलं तर हँग होतो.

खुट्ट | गुरुवार, सकाळी ७:०२

सर नको रे. चालेल, इथे बांधायचं काहीच नसतं, नुसतं चालवायचं. भांडार मात्र गलेलठ्ठ असतं, कॉलेजच्या वायफायवर उतरवून घे. प्रत्येक कालखंडाचं वेगळं भांडार आहे, बगमध्ये 'अमुकपासून मोडलं' असं लिहिलेलं असतं त्यावरून एकच निवड.

उंबरठा | शुक्रवार, रात्री १०:४४

सगळ्यांचे आभार. एचआरला मेल गेलाय, अपेक्षेप्रमाणे शांतता. तोवर कोडला हात नाही. मदतीच्या पॅचलाही परवाना लागतोच, तेव्हा तेही थांबलं. परवान्याचा मेल डेव्हलपर लिस्टवर पाठवून बसलो होतो, तो लिस्टवर दिसतच नाहीये, एका अर्थी बरंच झालं. बगझिलात मात्र खातं काढलं आणि कॅल्कमधले अनकन्फर्म्ड बग बघायला सुरुवात केली. आज एकाचा फाइलसकट पडताळा झाला, 'न्यू' केला. दुसऱ्यात तक्रार करणाऱ्याने फाइलच दिली नव्हती.

पाटीपेन्सिल, मदतीत एका पानावर जो मेनूचा रस्ता दिलाय तो आताच्या आवृत्तीत नाहीच. हे स्वल्पविरामात मोडत नाही ना?

पाटीपेन्सिल | शुक्रवार, रात्री ११:०९

नाही, हे चुकीत मोडतं. परवानगी येईपर्यंत बग म्हणून नोंदवा, घटक 'डॉक्युमेंटेशन' निवडा. पानाचा पत्ता, जुना रस्ता, नवा रस्ता आणि तुमची आवृत्ती, एवढं पुरे. तोच रस्ता आणखी कोणत्या पानांवर आहे तेही शोधून त्याच बगमध्ये लिहा, नाहीतर एक पान सुधारतं आणि बाकीची तशीच राहतात.

खडूफळा | शनिवार, सकाळी ८:३०

लिस्टचे सदस्य नसाल तर मेल मॉडरेटरकडे थांबतो, वाट बघा, दुसरा पाठवू नका. आणि एचआरचं उत्तर यायच्या आत तो लिस्टवर उमटलाच, तरी पॅच मात्र उत्तर हातात आल्यावरच चढवा.